सांजेला मिटणारी पापणी

(दृश्य : कापसाची वेचणी. कमरेला बांधलेल्या ओटीत पडत जाणारा कापूस.)

यवतमाळ जिल्ह्यातलं हे वावर. सकाळी काकू तासात सगळ्यांच्या पुढे असतात. भाकर खाऊन झाली की मागे पडतात. तीनच्या सुमाराला उजवी पापणी खाली येते आणि एका बोंडाची दोन दिसू लागतात. हात नसलेल्या बोंडाकडे जातो.

"काहून वं, झोप येऊन राहिली का तुले?" सासू विचारायच्या.

वर्षभर ताकदीची औषधं झाली, सलाईन झालं, नजर उतरवून झाली. सकाळी डोळा पुन्हा टक्क उघडा, म्हणून कुणाला हे दुखणं वाटेचना. खरं तर ओळखायची खूण तीच होती. वापरलं की उतरणारी आणि विसाव्यानं परतणारी ताकद. मायस्थेनिया ग्रेव्हिस.

नसेचा निरोप स्नायूपर्यंत ॲसिटिलकोलिन हे रसायन नेतं. तो झेलणारे रिसेप्टर स्नायूवर असतात. या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी त्यांच्यावर तुटून पडतात.

मग डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. "डोया दुखते तं छातीचा फोटो कायले?" मुलानं विचारलं. प्रश्न रास्तच होता.

(दृश्य : स्कॅनची फिल्म, उजेडासमोर धरलेली.)

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. लहानपणी भरलेली, वयाबरोबर आक्रसत जाणारी. तिचं काम १९६१ साली जॅक मिलर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडलं. रोगांशी लढणाऱ्या टी पेशी इथे घडतात, आणि निवडल्याही जातात.

घरी कापूस आला की बाया पांढरा वेगळा करतात, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस वेगळा. थायमसच्या गाभ्यातही अशीच निवड चालते. तिथल्या पेशी एअर नावाच्या जनुकाच्या मदतीनं शरीरातल्या नाना अवयवांच्या प्रथिनांचे नमुने समोर धरतात. जी टी पेशी आपल्याच नमुन्यावर धावून जाते, ती बहुतेक वेळा तिथेच संपवली जाते.

थायमसमध्ये गाठ झाली, म्हणजे थायमोमा झाला, की हा गाभा विस्कटतो. एअर बहुधा दिसतच नाही. टी पेशी मात्र गाठीत घडतच राहतात. कवडी न काढताच गाठोडी बाहेर पडावीत, तशा या पेशी रक्तात उतरतात. त्यातल्या काही टी पेशी बी पेशींना चेतवतात आणि या बी पेशी अँटिबॉडी बनवतात. साखळीतले काही दुवे अजून अभ्यासले जात आहेत, पण निवडीतला बिघाड हे मुख्य कारण मानलं जातं.

मायस्थेनियाच्या १०० रुग्णांपैकी १० ते १५ जणांत ही गाठ सापडते. उलट बाजूनं पाहिलं, तर थायमोमा असलेल्या साधारण एक तृतीयांश लोकांना मायस्थेनिया होतो. क्वचित याच गाठीपायी तांबड्या पेशी बनणंही थांबतं.

१९३६ साली अमेरिकेत आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीची अशी गाठ काढली. काकूंचीही काढली. गाठ गेली की दुखणं गेलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण आधीच बाहेर पडलेल्या पेशी टिकून राहतात, म्हणून औषध चालू राहतं. एक चिठ्ठी तर कायम जवळ ठेवावी लागते, कारण जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स या आजारात श्वासावर बेततात. गावात सुई टोचून घेण्याआधी ती दाखवायलाच हवी.

(दृश्य : चुलीपुढे काकू.)

पदराच्या गाठीत पायरिडोस्टिग्मिनची गोळी. जेवणाच्या अर्धा तास आधी ती घ्यायची, म्हणजे जबडा साथ देतो. काकू गोळी घेतात, घड्याळाकडे पाहतात आणि ज्वारीची पहिली भाकर तव्यावर टाकतात.