कबुली नको, कोयता हवा

श्रोतेहो, नमस्कार. मानसशास्त्रीय रहस्यकथेत पोलीस चौकशीचा प्रसंग आला की नवा लेखक बहुधा अधिकाऱ्याला टेबलावर हात आपटायला लावतो आणि दोन पानांत संशयिताकडून गुन्हा वदवून घेतो. आपल्याकडच्या कथेत हा शेवट लटका पडतो, कारण पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध न्यायालयात वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातला हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही कायम आहे.

मला तर ही अडचण लेखकाला आयती मिळालेली देणगीच वाटते. त्याच कलमात एक फट आहे : कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू हाती लागली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला त्याच्या बोलण्यातला तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो. तेव्हा अधिकाऱ्याचा सगळा जीव ‘कोयता कुठे आहे’ या एका प्रश्नात अडकलेला असतो, आणि मुरलेला अधिकारी नेमका तोच प्रश्न विचारत नाही.

तो त्या रात्रीची वाट विचारतो. संशयित एसटी थांबा सांगतो, पिठाची गिरणी सांगतो, देवळाचा पार सांगतो. गिरणी आणि पार यांच्यामधली पडकी विहीर मात्र त्याच्या तोंडी येत नाही. अधिकारी चहा मागवतो, घरच्या म्हशीची चौकशी करतो आणि तीच वाट उलट्या क्रमाने सांगायला लावतो. विहीर दुसऱ्यांदाही गळते. इथे लेखकाने संशयिताच्या मनात शिरावे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) नुसार आपल्यावर करता येत नाही, हे त्याला वकिलाने सांगितलेले असावे. तरीही गप्प बसलो तर ती विहीरच आपल्या वतीने बोलेल, या धास्तीने तो नको तितके बोलत सुटावा.

भिंतीवरच्या घड्याळालाही काम द्यावे. प्रवासाचा वेळ वगळता अटकेपासून २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते, त्यामुळे घाई दोघांनाही असते, पण ती लपवण्याची पाळी अधिकाऱ्यावर येते. मारहाणीचे वर्णन मी टाळतो. मार बसू लागला की वाचक उत्तराची वाट पाहणे सोडून देतो.

शेवटी अधिकारी वही मिटतो आणि दाराबाहेरच्या शिपायाला एवढेच सांगतो, ‘‘दोन पंच बोलवा, आणि लांब दोर घ्या.’’ विहिरीचे नाव अजून कोणीच घेतलेले नसते.