आधीपासून चालणाऱ्यांचा रस्ता

(दृश्य : पहाटेचं कुर्ला. बेकरीच्या मागच्या दाराशी उभ्या सायकली.)

पहाटे पाचच्या सुमारास बेकरीतून पावाच्या लाद्या बाहेर पडतात. कॅरियरवर बांधलेल्या पाटीत त्या रचायच्या, वरून निळं प्लास्टिक ओढायचं, दोरी आवळायची आणि निघायचं. पाववाल्यामागोमाग दूधवाला, पेपरवाला. थोडं उजाडलं की गॅसवाला. त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी हूक असतात आणि हुकांना सिलिंडर लटकलेले. भरलेला एक सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. त्यामुळे चढ आला की तो खाली उतरून सायकल ढकलतो. उतारावर ब्रेक दाबला तरी एवढं वजन लगेच थांबत नाही, आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

या माणसांसाठी मुंबईत सायकलचा रस्ता कधी मागितला गेला, असं आठवत नाही.

2011च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात, हे विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांना. देशभरात घराबाहेर कामाला जाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पायी किंवा सायकलने जात होते. मोटारीने जाणारे शंभरात जेमतेम चार. चालणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या या निम्म्यांमध्ये कोण असतं, ते सांगायला आकडेवारी लागत नाही. बसचं भाडं वाचवणारा बिगारी, चार घरची कामं चालत उरकणाऱ्या मावशी, रात्रपाळीहून परतणारा वॉचमन.

आणि मरतं कोण? 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यात 32,825 पायी चालणारी होती.

(दृश्य : घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड. वर उड्डाणपूल, खाली गर्दी.)

हा रस्ता नीट बघा. एका बाजूला शिवाजीनगर, बैंगनवाडी. मागे देवनारचं डम्पिंग ग्राउंड, 1927 पासूनचं. ही वस्ती कुणी चोरून वसवलेली नाही. सत्तरच्या दशकात महापालिकेनेच इथे छोटे छोटे प्लॉट आखले आणि शहरातल्या इतर ठिकाणांहून हटवलेल्या माणसांना आणून बसवलं. गोवंडी स्टेशन लिंक रोडच्या पलीकडे. म्हणजे लोकल पकडायची तर रोज हा रस्ता ओलांडायचा, जाताना एकदा, येताना एकदा.

2021च्या ऑगस्टमध्ये इथे उड्डाणपूल सुरू झाला. दूर जाणारी गाडी आता वरून, सिग्नलशिवाय निघून जाते. खाली उरले पुलाचे खांब, वळणारे डंपर, रिक्षा, हातगाड्या आणि त्यातून वाट काढणारी माणसं. डोक्यावर पाण्याचा कॅन, कडेवर मूल, दुसऱ्या हाताला धरलेलं शाळेतलं पोर. दुभाजकावर ती थांबतात, कारण एका दमात पलीकडे पोचता येत नाही. दुभाजकाची रुंदी पावलाएवढी असली तर त्या पोराने उभं कुठे राहायचं?

पूल वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पण पुलाचं काम निघालं की नकाशावर आधी गाडीची रेघ ओढली जाते आणि माणूस उरलेल्या जागेत बसवला जातो. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीलाही बंदी. 2024च्या जानेवारीत सुरू झालेला, जवळपास 22 किलोमीटरचा अटल सेतू : त्यावर सायकल नाही, मोटारसायकल नाही, रिक्षा नाही. आणि चालणाऱ्यांसाठी बांधलेले स्कायवॉक? पहिला वांद्र्याला, 2008 साली. रस्ता ज्याच्यासाठी धोकादायक केला, त्यालाच जिने चढायला सांगितलं. गुडघे दुखणाऱ्या आजीने, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने, गाडीसाठी सपाट रस्ता मोकळा राहावा म्हणून वीस-पंचवीस फूट वर जायचं! वांद्र्याचा तो स्कायवॉक धोकादायक ठरून 2019मध्ये बंद झाला आणि माणसं पुन्हा खालच्या रस्त्यावर आली.

(दृश्य : तानसाची जलवाहिनी. मोठे काळपट पाइप, बाजूला मोकळी केलेली जमीन.)

आता सायकल ट्रॅकची गोष्ट. ही सावकाश सांगायला हवी.

तानसा धरणाचं पाणी शंभरहून अधिक वर्षं या पाइपांतून मुंबईला येतंय. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, विद्याविहार... पाइपाच्या कडेकडेने पिढ्यान्‌पिढ्या वस्त्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता, त्यामुळे त्या आदेशाला कारण होतं. मग मोकळ्या होणाऱ्या पट्ट्यावर महापालिकेने मुलुंड ते सायन असा 39 किलोमीटरचा सायकल आणि चालण्याचा मार्ग जाहीर केला. कागदावर देखणी योजना. हिरवळ, बाकं, सायकल.

ज्यांची घरं पडली त्यातल्या हजारोंना चेंबूरजवळच्या माहुलला पाठवलं. आजूबाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, आणि मध्ये दाटीवाटीने उभ्या 72 इमारती. तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2015मध्येच म्हटलं होतं. तरी माणसं तिथे पाठवली गेली.

चालणाऱ्यांच्या दृष्टीने बघा. विद्याविहारला राहणारी बाई पायी दहा-पंधरा मिनिटांत कामावर पोचायची. मुलं शाळेत चालत जायची. माहुलला गेल्यावर स्टेशन लांब, बसची वाट बघायची, दोन गाड्या बदलायच्या. अनेकींची कामं सुटली, मुलांच्या शाळा सुटल्या. म्हणजे ज्या कुटुंबांचं आयुष्य आधीच पायांवर चाललं होतं, त्यांचं चालणं आपण मोडलं आणि त्या जागी चालण्याचा मार्ग आखला. आम्हाला सायकल ट्रॅक हवेत, मनापासून हवेत. पण असे नकोत.

विस्थापित गप्प बसले नाहीत. 2018 पासून विद्याविहारला, त्याच पाइपलाइनजवळ, रस्त्याच्या कडेला त्यांनी ठाण मांडलं. पावसाळा तिथेच काढला. सप्टेंबर 2019मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की माहुलला जायला कुणावर जबरदस्ती करता येणार नाही, आणि सरकारने अशा कुटुंबांना महिना 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्यावी.

(दृश्य : पुन्हा लिंक रोड. संध्याकाळ.)

मग काय करायचं? निम्म्या गोष्टी स्वस्त आहेत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं की फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फुटभर उंच बांधला की म्हातारी माणसं खालूनच चालतात, हे कुणीही उभं राहून बघावं. जिथे गाड्या आणि माणसं एकाच रस्त्यावर, तिथे वेग ताशी 30 किलोमीटर, असं रस्ता सुरक्षेवरच्या 2020च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगाने मान्य केलंय. स्टेशनबाहेर सायकलला साखळी बांधायला लोखंडी कठडा, दिव्याचे खांब, सिग्नलला म्हातारीच्या चालीने मोजलेला वेळ. आणि फूटपाथवरची भाजीवाली हटवू नका, तिची जागा नीट आखून द्या. रात्री साडेनऊला एकट्या मुलीला तिच्या दिव्यामुळेच त्या रस्त्याने चालता येतं.

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वापरण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली : मोटार वाहन कायद्याखाली पादचारी, सायकली आणि हातगाड्यांसाठी, तसंच रस्त्यांच्या रचनेसाठी नियम करा.

नियम करायचे तर आधी मोजणी आली. ती आजवर चौकातल्या गाड्यांची होते. आमची मागणी साधी आहे. शिवाजीनगरच्या नाक्यावर सकाळी सहा ते दहा बसा, पायी जाणारे मोजा, सायकली मोजा, हातगाड्या मोजा, आणि मोजणाऱ्यांत वस्तीतल्या बायका घ्या. रस्ता कुठे ओलांडतात, कुठे घाबरतात, कुठल्या कोपऱ्यावर रात्री दिवा नसतो, हे त्यांना पाठ आहे. रस्त्याचा नकाशा त्या मोजणीनंतर काढा.