बारकोड स्कॅनरमधून डेटा आपल्याला हव्या त्या क्रमाने कसा काढायचा

नमस्कार मंडळी, स्कॅनर जोडला, बीप वाजला आणि आकड्यांची ही भलीमोठी माळ एकाच बॉक्समध्ये येऊन पडली, आणि तुमच्या फॉर्मला मात्र आधी बॅच हवीय, मग एक्सपायरी, मग प्रॉडक्ट कोड. हा क्रम स्कॅनरच्या आतच लावता येतो, सॉफ्टवेअरला हात लावावा लागत नाही.

पण सेटिंग नंतर. आधी नोटपॅड उघडा आणि नुसतं स्कॅन करून बघा काय येतंय ते. माझ्याकडचं हे जीएस१ डेटामॅट्रिक्सचं (जीएस१ या जागतिक पद्धतीने लिहिलेला, ठिपक्यांचा चौकोनी कोड) लेबल, यातून आलं:

०१०९५२१२३४५४३२१३१०४५१७१७२७०६३०

सुरुवातीचा ०१ म्हणजे पुढचे १४ आकडे प्रॉडक्ट कोड. मग १० म्हणजे बॅच. आणि १७ म्हणजे एक्सपायरी, सहा आकडे, वर्ष-महिना-दिवस. लेबलवर या नंबरांभोवती कंस दिसतात ना, ते फक्त आपल्याला वाचायला, कोडमध्ये ते नसतातच.

आता खरी गोम बघा. बॅचची लांबी ठरलेली नसते, २० कॅरेक्टरपर्यंत कितीही असू शकते, मग ती संपली कुठे? इथं बॅच आहे ४५१७, म्हणजे तिच्यातच एक १७ बसलाय, तुम्ही पहिला १७ दिसला की तारीख धरलीत तर वर्ष १७ आणि महिना २७ येईल! म्हणून बॅचनंतर कोडमध्ये एक सेपरेटर असतो, जीएस म्हणजे ग्रुप सेपरेटर, कॉम्प्युटरच्या आस्की या कॅरेक्टर-यादीतला नंबर २९. स्कॅनर कीबोर्ड मोडमध्ये, म्हणजे कीबोर्डसारखं टाइप करून डेटा पाठवत असेल तर तो बहुतेक वेळा स्क्रीनवर दिसतच नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. तेव्हा पहिलं काम, जीएसच्या जागी उभी रेघ पाठवायची सेटिंग करा, की नोटपॅडमध्ये ४५१७ च्या पुढे रेघ दिसायला लागेल.

मग नियम लिहायचा. मॅन्युअलमध्ये डेटा फॉरमॅटिंग किंवा एडीएफ (ॲडव्हान्स्ड डेटा फॉरमॅटिंग) नावाचा भाग शोधा, तिथले सेटिंगचे बारकोड ओळीने स्कॅन करा, नाहीतर झेब्राचं १२३स्कॅन, हनीवेलचं ईझेडकॉन्फिग अशी सॉफ्टवेअर आहेत, मला तीच बरी वाटतात कारण चुकलं तर दिसतं. आपला नियम असा: पहिली १८ कॅरेक्टर सोड, रेघेपर्यंतचं सगळं पाठव, टॅब. रेघ आणि १७ अशी तीन सोड, सहा पाठव, टॅब. परत सुरुवातीला जा, दोन सोड, १४ पाठव, एंटर. झालं. हा नियम फक्त डेटामॅट्रिक्ससाठी आणि ०१ ने सुरू होणाऱ्या डेटालाच लावा हं, नाहीतर बाकीचे साधे बारकोडही तोडले जातील.

आणि दुसऱ्या कंपनीच्या लेबलवर एक्सपायरी आधी आणि बॅच शेवटी असू शकते, तशीच ठेवणं खरं तर जास्त सोयीचं, कारण शेवटच्या फील्डला सेपरेटर लागत नाही, पण मग आपला हा नियम तिथं चालणार नाही, त्या रचनेसाठी दुसरा नियम लिहा. त्यामुळे एकाच लेबलवर खूश होऊ नका, छोटी बॅच, मोठी बॅच, वेगळ्या कंपनीचा माल, सगळं नोटपॅडमध्ये स्कॅन करून बघा आणि मगच फॉर्मवर जा.