फातिमा गैलानी: दोन गोटांच्या मधली वाट

(दोहा, कतार. १२ सप्टेंबर २०२०. वाटाघाटींचं उद्घाटन.)

अफगाण सरकारच्या बाजूने एकवीस जण आलेत. त्यात चार स्त्रिया: हबीबा सराबी, फौझिया कूफी, शरीफा झुरमती आणि फातिमा गैलानी. कूफींचा हात अजून बांधलेला आहे. महिन्याभरापूर्वीच काबूलजवळ त्यांच्यावर गोळीबार झाला होता. समोर तालिबानचं शिष्टमंडळ. त्यात स्त्री एकही नाही.

चौघींमध्ये फातिमांचं प्रकरण जरा निराळं. त्यांचं आडनाव समोरच्या मौलवींना आधीपासून ठाऊक होतं, आणि तेही आदराने घ्यायचं म्हणून. गैलानी घराणं सूफींच्या कादिरी परंपरेतलं, बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींचा वंश सांगणारं. आपल्याकडे ज्यांना पीर दस्तगीर म्हणतात, तेच हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे घराणं बगदादहून अफगाणिस्तानात आलं. राजघराण्याशी सोयरीक झाली. फातिमांचे वडील सय्यद अहमद गैलानी एकीकडे हजारो मुरिदांचे, म्हणजे अनुयायांचे, पीर, तर दुसरीकडे काबूलमध्ये प्यूजो मोटारींचे विक्रेते! त्या वेळच्या काबूलला यात काही वावगं वाटत नव्हतं.

(जुनं काबूल. कृष्णधवल छायाचित्रं.)

फातिमांचा जन्म १९५४चा. शाळा काबूलची मलालाई, पुढचं शिक्षण इराणमध्ये, फारसी साहित्य आणि सूफी विचारांचं. १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात सोव्हिएत फौजा शिरल्या. पीरसाहेबांनी पेशावर गाठून आपला पक्ष उभा केला. सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांच्या सात पक्षांतला हा मवाळ, राजाला मानणारा. लेक लंडनमध्ये त्या लढ्याची प्रवक्ती झाली.

पुढे निःपक्षपातीपणासाठी ओळखली गेलेली ही बाई तेव्हा उघडउघड एका पक्षाची होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोव्हिएत फौजा गेल्यावर त्याच मुजाहिदीन पक्षांनी काबूलवर तोफा डागल्या, तेव्हाही त्या परदेशातच होत्या. लंडनच्या मुस्लिम कॉलेजात त्यांनी इस्लामी कायद्याचं शिक्षण घेतलं. ते किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

२००१च्या अखेरीस जर्मनीत बॉनजवळ नव्या अफगाणिस्तानाची बोलणी झाली. पेशावरातल्या परागंदा अफगाणांच्या गटाबरोबर फातिमा तिथे होत्या. मग काबूलला परत, आणि घटना तयार करणाऱ्या आयोगात काम. जानेवारी २००४ मध्ये लोया जिर्ग्याने, म्हणजे अफगाणांच्या महासभेने, मंजूर केलेल्या त्या घटनेच्या बाविसाव्या कलमाने स्त्री-पुरुषांना कायद्यापुढे समान हक्क दिले. एकशे एकतिसाव्या कलमाने शिया नागरिकांना कौटुंबिक बाबींत त्यांचा स्वतःचा धर्मकायदा दिला. हे दुसरं कलम लक्षात ठेवा.

(काबूल. मरस्तूनचं आवार.)

२००५ ते २०१६ या काळात फातिमा अफगाण रेड क्रेसेंटच्या, म्हणजे तिथल्या रेड क्रॉसच्या, अध्यक्ष होत्या. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द हीच. बॉन आणि दोहाच्या बातम्या जास्त झाल्या, एवढंच. संस्था १९३४ पासूनची. दवाखाने, भूकंप-पुरात मदत, आणि मरस्तून नावाची निवारागृहं. घराने टाकलेले मनोरुग्ण, निराधार विधवा, अनाथ मुलं, ज्यांना दुसरं कुणी ठेवून घेत नाही अशी माणसं इथे राहतात. कुठे शिवणकाम शिकवतात, कुठे सुतारकाम.

लढाई चालू असताना हे काम करायचं म्हणजे दोन्हीकडच्यांनी वाट द्यावी लागते. लढणाऱ्याचं प्रेत त्याच्या घरी पोचवायचं, तर तो कोणाच्या बाजूने मेला हे विचारून चालत नाही. सरकारला हे नेहमी रुचतंच असं नाही.

गझनीचं उदाहरण घ्या. जुलै २००७. कंदाहारकडे निघालेल्या बसमधून तालिबानने दक्षिण कोरियाचे तेवीस ख्रिस्ती स्वयंसेवक पळवले. दोघांना मारलं. कोरियाचे अधिकारी आणि तालिबान समोरासमोर बसणार कुठे? सरकारी कचेरीत तालिबान येणार नाहीत, त्यांच्या मुलखात कोरियन जाणार नाहीत. शेवटी गझनी शहरातलं रेड क्रेसेंटचं कार्यालय ठरलं. १० ऑगस्टला तालिबानचे प्रतिनिधी सरकारच्या ताब्यातल्या शहरात आले, बोलले आणि सुखरूप परत गेले. तीन दिवसांनी दोन स्त्रिया सुटल्या. महिनाअखेरीस उरलेले एकोणीस. पळवणाऱ्यांशी केलेल्या या सौद्यावर टीका बरीच झाली, आणि ती पोकळ नव्हती. पण ती खोली नसती तर बोलणीच झाली नसती.

(पुन्हा दोहा. शरद २०२०.)

इथे बोलणी पहिल्याच पायरीवर अडली. मतभेद झाले तर निवाडा फक्त हनफी फिक्हप्रमाणे, म्हणजे सुन्नींमधल्या एका परंपरेच्या धर्मकायद्याप्रमाणे व्हावा, असा तालिबानचा आग्रह. मग शिया अफगाणांचं काय? शिवाय फेब्रुवारीत अमेरिकेशी झालेला, अमेरिकी फौजा माघारी नेण्याचा करारच या बोलण्यांचा पाया मानावा, हीसुद्धा त्यांची अट. आणि त्या करारात अफगाण सरकार पक्षकार नव्हतंच. चर्चा कशी करायची याचे नियम ठरायलाच २ डिसेंबर उजाडला. धर्मकायदा शिकलेली, पीराच्या घरातली बाई समोर असली की 'तुम्हाला इस्लाम काय कळतो' म्हणून तिला वाटेला लावणं सोपं नसतं. पण युक्तिवादाचं वजन रणांगणावर ठरत होतं. एकामागून एक जिल्हे पडत होते आणि अमेरिकेने निघायची तारीख जाहीर करून टाकली होती. तालिबानने घाई का करावी?

१५ ऑगस्ट २०२१ला काबूल पडलं. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले. एकवीस जणांच्या त्या शिष्टमंडळामागे आता सरकारच उरलं नव्हतं.

(काबूल. रेड क्रेसेंटचं मुख्यालय.)

संस्था मात्र मोडली नाही. चिन्ह तेच, दवाखाने आणि मरस्तूनही तिच्याकडेच. अध्यक्षपदी तालिबानने मौलवी मतिउल हक खालिस यांना बसवलं. ते युनुस खालिस यांचे चिरंजीव. आणि पेशावरच्या सात पक्षांत पीर गैलानींच्या शेजारी ज्यांचा पक्ष होता, ते हेच युनुस खालिस.