शाळेच्या कागदावरचा नंबर

नमस्कार मंडळी. शाळा सुरू झाल्या, पहिल्या आठवड्यातली रडारड आता बऱ्यापैकी संपली, आणि अर्ध्या घरांत वह्यांना कव्हर घालायचं काम अजून चालूच असेल. आज पहिली ते चौथीच्या पालकांशी थोडं बोलायचंय. मी प्राथमिकच्या वर्गाला शिकवते, शाळा आपल्या सोलापुरात, पूर्व भागात आहे, त्यामुळं जे सांगणार आहे ते रोज गेटवर बघते तेच सांगणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही मी आज दोनतीनदा सांगणार आहे, कारण सकाळच्या गडबडीत तुमच्यातल्या निम्म्या जणी आत्ता पोळ्या लाटत ऐकतायत. शाळेत दिलेला मोबाईल नंबर आज चालू आहे का ते बघा. एक नाही, दोन नंबर द्या. आणि पोराला शाळेतून न्यायला कोण कोण येऊ शकतं, त्यांची नावं शाळेत लिहून द्या. नंबर चालू, नंबर दोन, आणि न्यायला येणाऱ्यांची नावं. ह्याच्यावर परत येते, त्यामागं एक किस्सा आहे.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीतच सांगितलंय, पोरांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. पण ती झोप रात्री मोबाईल बघण्यात जात असेल तर काय उपयोग, माझ्या वर्गात दहाच्या तासाला डुलक्या घेणारी पोरं अजून आहेत.

दप्तर. पोराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको. वीस किलोचं पोरगं असेल तर दप्तर दोन किलो, बस. आता लिटरभराची बाटली भरून दिली की एक किलो तिथंच गेलं, मग उरलेल्या एका किलोत वह्या, पुस्तकं, डबा, कंपास कसं बसवणार? बाटली अर्धा लिटरची द्या, शाळेत भरून घेता येते. आणि रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरा, पोरालाच भरायला लावा, तुम्ही फक्त शेजारी बसा. सगळ्या विषयांच्या सगळ्या वह्या रोज नेणारी पोरं बघितली की मला खरंच वाईट वाटतं, खांदे बघा हो त्यांचे.

पाच वर्षं पूर्ण झाली की आधार कार्डाला बोटांचे ठसे आणि नवा फोटो द्यावा लागतो, ते मोफत असतं, लहानपणीचं आधार आहे तसंच ठेवू नका. पाच वर्षांचा बूस्टर डोस राहिला असेल तर घेऊन टाका, आणि दहाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, ती चौथी-पाचवीच्या पालकांनी लक्षात ठेवा. शाळेत ठरलेल्या दिवशी जंताची गोळी देतात, ती चावून खायची असते, नुसती गिळायची नाही. त्या दिवशी पोरगं गैरहजर असेल तर नंतर परत एक दिवस ठेवतात, तेव्हा नक्की पाठवा. दरवर्षी कुणीतरी चिठ्ठी पाठवतं, आमच्याला गोळी देऊ नका म्हणून. आजारी असेल, ताप असेल तर ठीक आहे, सांगा, आम्ही थांबू. पण उगाच भीती नको.

आणि हो, शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग. कायद्यानं ह्या समितीत पाऊण सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. म्हणजे ती तुमचीच समिती आहे. संडासाला पाणी नाही, पोषण आहाराची खिचडी करपते, ही तक्रार गेटवर दुसऱ्या आईशी करण्यापेक्षा तिथं येऊन करा ना. तिथं बोललं की लिहिलं जातं, लिहिलं की हलतं. महापालिकेच्या नाहीतर झेडपीच्या शाळेत काय असतंय, असं म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मधे ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. असो, विषय लांबला.

आता किस्सा. हा मला सांगायचाच होता.

गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस होते. अक्षता सोहळा, होम सगळं होऊन गेलेलं, पण होम मैदानावर पाळणे, खेळणी, भजीचे स्टॉल सगळं जोरात, आणि त्या दिवशी शाळा अर्धीच होती. पोरं गेली, गेट रिकामं झालं, मी आत वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात बाहेर आवाज वाढला. जाऊन बघते तर गेटच्या बाहेर एक तरुण माणूस, मोटारसायकल लावलेली, घाम आलेला, आणि आत आमच्या शिपाई मावशी, कुलूप हातात धरून उभ्या. मधे दुसरीतला एक पोरगा, गेटचे गज धरून उड्या मारतोय, मामा आला मामा आला म्हणून.

मामा अक्कलकोटहून आला होता. भाच्याला सरप्राइज द्यायचं, शाळेतूनच परस्पर गड्ड्यात न्यायचं, पाळण्यात बसवायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. किती चांगला विचार. पण कुणाला सांगितलेलं नाही, आणि मावशींकडं एक वही असते, कोणत्या पोराला कोण न्यायला येतं त्याची, त्यात त्याचं नाव नाही.

मावशी म्हणतायत, "तुमी मामा असाल, मी न्हाई कुठं म्हणते. पण माझ्या वहीत न्हाई."

तो म्हणतो, "अहो पोरगं ओळखतंय मला, बघा की!"

मी आत जाऊन रजिस्टर काढलं. आईचा नंबर लावला, तो बंद. नुसता स्विच ऑफ नाही, असा नंबरच अस्तित्वात नाही म्हणून रेकॉर्ड वाजतंय. दिवाळीत रिचार्जची कुठली तरी ऑफर मिळाली म्हणून आईनं सिम बदललेलं, शाळेत कळवायचं राहिलेलं. वडिलांचा लावला, रिंग जाते, उचलत नाहीत. ते टॉवेलच्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात खिशातला फोन कुठं ऐकू येणार.

मग मामानं स्वतःच्या फोनवरून बहिणीला लावला. त्याच्याकडं नवा नंबर होता. तीही उचलेना, कारण ती विड्या जमा करायला कारखान्यात गेलेली, मोजणीची लाईन लागलेली, फोन पिशवीत तळाला. पाचव्या-सहाव्या वेळी लागला एकदाचा. मामानं खूश होऊन फोन गजातून आत दिला, घ्या बोला माझ्या बहिणीशी.

मावशींनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "बाई, फोन तुमच्या भावाच्या हातातला, नंबर त्यांनी लावलेला. मला काय माहीत तुमी कोण. तुमी खऱ्या आई असाल तर या. पोरगं माझ्यापाशी हाय, काळजी करू नका."

मामा भडकला. साहजिक आहे. मुख्याध्यापक बाहेर आले, तेही म्हणाले, मावशी, मामाच दिसतायत हो, पोरगं बघा कसं ओळखतंय. मावशी म्हणाल्या, "सर, बिस्कीटचा पुडा दिला की पोरगं कुणाला बी ओळखतंय." सर एक क्षण थांबले आणि म्हणाले, बरोबर आहे, थांबू आपण. मला सरांचं तेव्हा फार कौतुक वाटलं, कारण एवढा आवाज चढलेला असताना सोडून द्या म्हणणं फार सोपं होतं.

मावशींनी मामाला बाहेर खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं. पोराला आत आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी दिली, ते रडत रडत खात होतं, पाळणा बंद होईल म्हणून. आणि कुलूप तसंच.

आई शेअर रिक्षानं आली, हातात रिकामी पिशवी. मामानं लगेच सुरू केलं, बघ ताई, मला चोर समजतायत, तुझ्या शाळेत ही पद्धत आहे का. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. आधी पोराला पोटाशी धरलं, मग मावशींना म्हणाली, वही द्या, पेन द्या. तिथं उभ्याउभ्या तिनं आपला नवा नंबर लिहिला, शेजारच्या किराणा दुकानदारांचा नंबर लिहिला, आजीचं नाव लिहिलं, आणि शेवटी भावाचं पूर्ण नाव, गाव, नंबर. मग म्हणाली, "आता वहीत आलं. आता नेऊ दे का त्याला?"

मावशींनी वाचलं. परत एकदा वाचलं. आणि कुलूप काढलं. तिघंही मोटारसायकलवर बसून गड्ड्यात गेले, पोरगं पुढं टाकीवर. (तेही बरोबर नाही, मुलाला टाकीवर बसवायचं नसतं, आणि चार वर्षांवरच्या पोराला मागं बसवलं तरी हेल्मेट लागतं, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.)

खरा किस्सा पुढं आहे. दोन वर्षांनी तोच मामा नोकरीसाठी सोलापुरात आला, आणि आपल्या मुलीला पहिलीत घालायला आमच्याच शाळेत आला. फॉर्म पूर्ण भरलेला. नंबरच्या जागी तीन नंबर, मागच्या कोऱ्या बाजूला न्यायला येणाऱ्या चार जणांची नावं, प्रत्येकाचा पासपोर्ट फोटो स्टेपल केलेला. आम्ही फोटो मागितलेच नव्हते. ऑफिसात फॉर्म देताना त्यानं विचारलं, "त्या मावशी अजून हायत ना गेटवर?" आहेत म्हणालो. म्हणाला, मग झालं, घ्या ॲडमिशन.

तर परत सांगते. नंबर चालू आहे का बघा. दोन नंबर द्या, त्यातला एक असा माणूस हवा जो दिवसा फोन उचलतो, म्हणजे आई-वडील दोघं कारखान्यात असतील तर शेजारी, दुकानदार, आजी, कुणीही. न्यायला येणाऱ्यांची नावं लिहून द्या. सिम बदललं तर त्याच दिवशी शाळेत सांगा, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागत नाही, तिथं शुभ सकाळच्या फोटोंत तुमचा नंबर बुडून जातो. आणि पोराला स्वतःचं पूर्ण नाव, आईचा नंबर पाठ करून घ्या. पाढ्यांसारखंच, रोज झोपताना एकदा. घरी तेलुगू बोलत असाल, कन्नड बोलत असाल, उर्दू बोलत असाल, त्याच भाषेत पाठ करू दे, काही बिघडत नाही. घरची भाषा सोडून पोरांशी तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचा हट्ट करू नका एवढंच माझं म्हणणं. घरी जे भरभरून बोलतं तेच पोरगं वर्गातही बोलतं.

हे सगळं आजच का सांगतेय, तर आषाढी जवळ आलीय. पालख्या पंढरपूरच्या वाटेवर असतात तेव्हा आपल्याकडं प्रत्येक शाळेची बालदिंडी निघते, आणि गेटवर सगळ्यात जास्त गोंधळ त्याच दिवशी होतो. सगळे विठ्ठल सारखे दिसतात, सगळ्या रुक्मिणी सारख्या. फोटो काढायला काका, आत्या, मामा सगळे आलेले असतात, आणि जो तो आपापलं पोरगं परस्पर उचलून नेतो, मग आम्ही वर्गात मोजत बसतो. त्या दिवशी आधी वर्गशिक्षकांना भेटा, सांगा, मग न्या. ड्रेस भाड्यानं आणायची गरज नाही, आजोबांची टोपी आणि एक पांढरा सदरा, वारकरी तयार. पोरींच्या गळ्यात खरं सोनं घालू नका. पायात चप्पल असू दे, आणि खिशात चिठ्ठी, नाव आणि नंबर लिहिलेली, चालू नंबर.

दिंडीचा दिवस आणि वेळ तुमच्या शाळेच्या फळ्यावर लागेल, ती बघा. नंबराचा कागद मात्र त्याच्या आधी द्या, उद्या डब्याच्या पिशवीत घातलात तरी चालेल. नमस्कार.