शिकारी जहाजाचीच शिकार: ‘खुकरी’ कशी बुडाली?

नमस्कार मंडळी! ‘आयएनएस खुकरी’ म्हटलं की तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आठवतात. त्यांच्याकडे येतोच. पण पाणबुड्या शोधायलाच बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, पाणबुडीच्याच टॉर्पेडोनं (पाण्याखालून सोडलेल्या स्फोटक अस्त्रानं) बुडाली कशी? मला खरा प्रश्न हा वाटतो.

खुकरी ब्रिटनमध्ये बांधलेली, १९५८ साली आपल्या नौदलात आली. या वर्गाची जहाजं खर्च वाचवून बांधलेली, जहाज पुढे ढकलणारा पाण्यातला पंखासुद्धा एकच. डिसेंबर १९७१. काठियावाडच्या किनाऱ्याजवळ पाकिस्तानी पाणबुडी असल्याची खबर लागली आणि खुकरी नि तिच्या जोडीची फ्रिगेट ‘किरपाण’ मुंबईहून निघाल्या.

आता सोनार समजून घ्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणारं यंत्र. काळोख्या मैदानात तुम्ही बॅटरी मारून एखाद्याला शोधताय. उजेड त्याच्यावर पडून तुमच्या डोळ्यांपर्यंत परत आला, तरच तो दिसणार. त्याला मात्र तुमची बॅटरी कितीतरी लांबून दिसते! सोनारच्या आवाजाचं तेच. शिवाय समुद्राचं वरचं पाणी गरम आणि खालचं गार असलं की आवाज खाली वाकतो, जहाजाचे कान आणखी आखूड होतात. जहाजाच्या पंख्याचा आवाज पाणबुडीला गुपचूप ऐकता येतो, ते वेगळंच.

पाकिस्तानची ती पाणबुडी ‘हंगोर’, फ्रेंच बनावटीची, नव्या पिढीची. खुकरीवर मात्र जुन्या सोनारचा पल्ला वाढवायचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवला होता. युद्धात, पाणबुडीच्या टापूत! माझ्या मते तिथंच पारडं फिरलं.

९ डिसेंबरची रात्र, दीवपासून साधारण ४० सागरी मैल. हंगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणवर, तो फुकट गेला. दुसरा खुकरीला लागला. अवघ्या काही मिनिटांत जहाज पाण्याखाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. बहुतेक जण खालच्या डेकवर. काळोखात, कललेल्या शिडीवरून वर यायला वेळ मिळणार कुठून? मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

दीवला समुद्राकडे तोंड करून काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती ठेवलीय. आणि आता तिथं दुसरी ‘खुकरी’ही आहे, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली. २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि दीवलाच आली.