महाराजांच्या गळ्यात खरं सोनं नाहीये हो!

नमस्कार मंडळी. राजा रविवर्मांवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न धो धो आलाय: 'सयाजीराव महाराजांच्या चित्रातल्या दागिन्यांना खरं सोनं लावलंय ना?' नाही. नाही लावलेलं!

पार्श्वभूमी पटकन उरकतो. १८८१ साली सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले, तेव्हा दिवाण टी. माधवरावांनी रविवर्मांना महाराजांचं चित्र काढायला बडोद्याला बोलावलं. कॅनव्हास, तैलरंग, युरोपियन पद्धत. झालं.

आता सोनं. जुन्या लघुचित्रांत आणि तंजावर शैलीत खरं सोनं असायचं, म्हणून तुमचा गोंधळ होतो. तिथे सोनं हे सोनंच असतं. तैलचित्रात चित्रकार सोनं नाही, सोन्यावर पडलेला उजेड रंगवतो. कंठ्याचा एक मणी जवळून बघा: कडेला गडद तपकिरी, मध्ये पिवळी माती म्हणजे मातकट पिवळा रंग, आणि वर फिकट पिवळ्याचा एक जाडसर ठिपका. बस! मागे सरकलात की तो मणी लखलखतो.

नाही पटलं? उलट बाजूने सांगतो. चित्रातला उजेड एका बाजूने येतो. महाराजांचा गाल त्याच बाजूला उजळतो, मणीही त्याच बाजूला. तिथे सोन्याचा खरा वर्ख लावलात तर तो तुमच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटने चमकेल. गालाला एक उजेड, गळ्याला दुसरा.

एकांनी लिहिलंय, 'राजाला काय सोन्याची कमतरता होती?' अहो, राजाला नव्हती, पण चित्राला ते नको होतं ना!

हे मी स्वतः भोगलंय. आत्याचं चित्र काढलं होतं, हौसेने नथीला बाजारातला सोनेरी रंग लावला. समोरून झकास. आत्या सोफ्यावर बसली, तिथून तिरकं बघितलं आणि म्हणाली, "माझी नथ काळी का रे पडली?" तेव्हापासून ते चित्र कपाटामागे.

म्हणून बडोद्याला फतेसिंह संग्रहालयात गेलात तर रविवर्मांच्या चित्रासमोर डावीकडून उजवीकडे चालून बघा. वर्खाची चमक तुमच्याबरोबर सरकते. रंगवलेली जिथल्या तिथे राहते.

थांबा, आत्याचं चित्र आणलंय. हे समोरून. आता तिरकं करतो... दिसली नथ? नाही ना!